ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांसाठी नागपुरातील निवासी कार्यशाळा : एक परीक्षण

नागपूरच्या अंबाझरी परिसरातील एका प्रशिक्षण संस्थेने दिवाळीच्या सुट्टीत लहान ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांसाठी आठवडाभराची निवासी कार्यशाळा घेतली. प्रमाणपत्रापुरते शिबिर आणि प्रत्यक्ष वर्गात उपयोगी पडणारे शिबिर यांत फार मोठे अंतर असते. ही कार्यशाळा निश्चितपणे दुसऱ्या प्रकारात मोडते. ती ज्यांच्यापर्यंत सर्वाधिक पोहोचायला हवी होती, त्यांच्यापर्यंत मात्र ती पोहोचली नाही, आणि या परीक्षणाचा मुख्य आक्षेप तोच आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना 1923 मध्ये झाली. 2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे नव्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेले, तर नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया नागपूर विद्यापीठाकडे राहिले. कार्यशाळेला दोन्ही विद्यापीठांच्या परिक्षेत्रांतील प्राध्यापक आले होते आणि त्यांतील बहुतेक जण आपल्या महाविद्यालयात आपल्या विषयाचे एकटेच शिक्षक होते. संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यानंतर मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्यावर आधारित विषय असे सगळे तास याच एका शिक्षकाच्या वेळापत्रकात येऊन बसले आहेत. एखादा पाठ मुलांना का कळला नाही, याविषयी बोलायला शेजारच्या खुर्चीवर त्याच विषयाचा कुणी सहकारी नसणे, ही लहान महाविद्यालयांची खरी उणीव आहे. संयोजकांनी ती ओळखली होती. म्हणूनच त्यांनी जिल्ह्यानुसार गट न करता विषयानुसार केले, आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकाला वर्षानुवर्षांनंतर अर्थशास्त्राचाच सहकारी मिळाला.

सर्वांत उत्तम सत्र होते ते वर्गात मुलांना बोलते करण्याचे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून विकसित केलेली पद्धत येथे केवळ समजावून सांगण्यात आली नाही, तर आम्हा प्राध्यापकांनाच बाकावर बसवून ती करून घेण्यात आली. फळ्यावर प्रश्न होता : संत्र्याचा भाव वाढला म्हणून गिऱ्हाइकाने डझनाऐवजी अर्धा डझन संत्री घेतली, तर हा मागणीचा संकोच की मागणीचा ऱ्हास? प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून 'अ' किंवा 'ब' लिहिलेले पुठ्ठ्याचे कार्ड वर करायचे, मग वेगळे उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे आणि पुन्हा कार्ड दाखवायचे. मराठी, इतिहास शिकवणाऱ्या मंडळींपैकी निम्म्या लोकांनी पहिल्या फेरीत ऱ्हास म्हटले. किंमत त्याच वस्तूची बदलली असल्यामुळे हा संकोच आहे, आणि उत्पन्न किंवा आवड बदलली असती तर तो ऱ्हास ठरला असता, हे त्यांना अर्थशास्त्राच्या शिक्षकाने नव्हे, तर शेजारी बसलेल्या भूगोलाच्या प्राध्यापिकेने समजावले. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के उत्तरे बरोबर आली तरच चर्चा फलदायी होते, त्याहून कमी आली तर शिक्षकाने मुद्दा पुन्हा शिकवावा आणि त्याहून जास्त आली तर थोडक्यात सांगून पुढे जावे, हा व्यवहारी नियमही सांगितला गेला. या सगळ्याला लागतो तो पुठ्ठा आणि एक नीट तयार केलेला प्रश्न. इंटरनेट, प्रोजेक्टर, मोबाइल यांपैकी काहीही लागत नाही.

याच सत्रात बोलीचा प्रश्न निघाला, हे मला विशेष मोलाचे वाटले. भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली बोलणारी मुले वर्गात गप्प बसतात, कारण 'पाणी'चे 'पानी' झाले की मागच्या बाकावरून हसू येते, हे त्यांनी शाळेपासून अनुभवलेले असते. शेजाऱ्याशी चर्चा बोलीतच होऊ द्यावी, उत्तर बोलीतच स्वीकारावे आणि मग शास्त्रीय संज्ञा फळ्यावर लिहून ती सर्वांकडून वापरून घ्यावी, असे प्रशिक्षकांनी सुचवले. गोंडी घरांतून येणाऱ्या मुलांसाठी मात्र एवढे पुरेसे नाही, आणि त्यावर अधिक वेळ द्यायला हवा होता.

दुसरे भरीव सत्र गळतीचे. परीक्षेचा अर्ज भरताना विद्यार्थी दिसेनासा झाला, असे आपण म्हणतो, पण तो खरे तर जुलै-ऑगस्टमध्येच निसटलेला असतो. शैक्षणिक सत्राच्या पहिल्या तीन आठवड्यांत सलग गैरहजर राहणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद करून कारण विचारायचे, एवढाच मूळ विचार होता. परंतु त्यासाठी दिलेला तक्ता आमच्या भागाकडे बघून केलेला होता. धानाची रोवणी, कापसाची वेचणी, एसटीची एकच फेरी, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अडकलेली शिष्यवृत्ती, लग्नाची बोलणी असे त्यात वेगवेगळे रकाने होते. कारण रोवणी असेल तर मूल पंधरवड्याने परत येते आणि त्याला बुडालेला भाग भरून देणे पुरते. कारण शिष्यवृत्ती असेल तर कार्यालयातून पाठपुरावा करावा लागतो. आणि लग्नाची बोलणी असतील तर शिक्षकाने घरी जाण्याला पर्याय नाही. मार्गदर्शक-विद्यार्थी योजनेच्या फाइली नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठी, सगळीच महाविद्यालये ठेवतात, पण त्या फाइलींतून गैरहजर मुलाची चौकशी करणारा एखादा फोन क्वचितच होतो.

स्मरणावरील सत्र छोटे, पण नेमके होते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, तर आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांच्यावर मात केली. गाइड वाचून परीक्षेला बसणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगणे अत्यंत आवश्यक आहे. तासाच्या शेवटी पाच मिनिटे वही मिटून लिहायला लावणे मी सुरू केले असून, कोणता मुद्दा निसटला हे आता मला सत्र परीक्षेपूर्वीच समजते.

उरलेली काही सत्रे साधारण होती. डिजिटल फळ्याचे सत्र अखंड वीज आणि वेगवान इंटरनेट गृहीत धरून चालले, आणि नॅकच्या कागदपत्रांवर गेलेली पूर्ण दुपार वाया गेली असेच म्हणावे लागेल.

आता आक्षेपाकडे. पहिल्या तीन आठवड्यांचे महत्त्व सांगणारी कार्यशाळा दिवाळीत घेतली, तर त्या वर्षापुरते ते आठवडे केव्हाच निघून गेलेले असतात. ती जूनमध्ये, प्रवेश सुरू होण्यापूर्वी घ्यायला हवी. त्याहून गंभीर बाब अशी की कार्यशाळेत प्रवेश केवळ पूर्णवेळ, मान्यताप्राप्त प्राध्यापकांना होता. रिक्त पदांमुळे अनेक लहान महाविद्यालयांत प्रथम वर्षाचे वर्ग तासिका तत्त्वावरील शिक्षकच सांभाळतात. त्यांची नेमणूक अनेकदा सत्र सुरू होऊन बराच काळ लोटल्यावर होते, आणि जेवढे तास घेतले तेवढेच मानधन मिळत असल्याने प्रशिक्षणाला जाणे त्यांना परवडत नाही. गळती जिथे होते त्याच वर्गासमोर उभ्या असणाऱ्या शिक्षकाला वगळून गळती थांबवण्याचे शिक्षण देण्यात अर्थ नाही. संस्थेने त्यांच्यासाठी निम्म्या जागा राखून ठेवाव्यात आणि त्यांना प्रवासखर्चासह दैनिक भत्ता द्यावा. शुल्क थोडे वाढले तरी आमच्यासारखे कायम नोकरीतले लोक ते आनंदाने भरतील.

पाठपुराव्यासाठी दरमहा ऑनलाइन बैठक ठेवली आहे, परंतु ती सकाळी अकराला, म्हणजे ऐन तासांच्या वेळी असल्याने उपस्थिती रोडावली. ती रात्री आठला घेतल्यास विषयगट टिकून राहतील. निवास स्वच्छ होता आणि जेवण साधे, चांगले होते.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी प्रमाणपत्र कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या, प्रस्तावाला चालते का, हे आपल्या विद्यापीठाकडून आधी विचारून घ्यावे, आणि सोबत आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गाचे हजेरीपत्रक न्यावे. गळतीच्या सत्रात ते प्रत्यक्ष लागते, आणि ज्यांनी ते आणले नव्हते त्यांना तक्ता काल्पनिक नावांनी भरावा लागला.