डॉलर स्ट्रीटवर सापडलेली राधानगरीची चूल

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गेली १९ वर्षं माझी खानावळ आहे. पगाराचा आकडा ऐकला की माझ्या डोक्यात आधी तांदूळ, तेल आणि सिलिंडर येतो. दिवाळीला पुतण्या सांगत आला, जर्मनीत वेल्डरचं काम मिळतंय, महिन्याला अडीच लाख. एजंटानं २,८०० युरोला नव्वदनं गुणून दिलं होतं. कर, आरोग्य विमा, पेन्शन तिथं पगारातूनच कापतात आणि खोलीभाडंही युरोतच द्यायचं, हे त्या गुणाकारात कुठंच नव्हतं. तेव्हा मुलानं मला डॉलर स्ट्रीट ही वेबसाइट उघडून दिली.

स्वीडनमधल्या गॅपमाइंडर संस्थेची आहे, बघायला पैसे लागत नाहीत. सगळं जग एकाच रस्त्यावर राहतं असं धरायचं: डाव्या टोकाला सगळ्यात गरीब घर, उजव्या टोकाला सगळ्यात श्रीमंत. घराघरातल्या वस्तूंचे फोटो आहेत. अंथरूण, संडास, दात घासायचा ब्रश, ताट. मी थेट चुलींवर गेले.

डावीकडं तीन दगड, मध्ये जळण, वर काळंकुट्ट भांडं. आमच्या भाकरीवाल्या मावशी राधानगरीकडच्या. पिठाचे हात तसेच धरून त्या वाकून बघायला लागल्या. "ताई, ती भिंत बघा की. वरनं कशी काळी झालीया. आमच्या आईची फुंकणी अशाच कोपऱ्यात असायची." ते घर आफ्रिकेतलं होतं. उजवीकडं सरकलं की शेगडी येते, मग दोन बर्नर, मग ओटा. देश बदलला तरी तेवढ्या कमाईला साधारण तसंच स्वयंपाकघर दिसतं. हे मला कुठल्याही तक्त्यानं इतकं पटवून दिलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या. घराखालचा आकडा एका मोठ्या माणसामागे महिन्याचा असतो आणि तो क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या देशात तेवढ्या पैशात किती येतं ते धरून काढलेल्या, डॉलरमध्ये असतो, बँकेतल्या भावानं नाही. २०१७ च्या देशोदेशींच्या किमतींच्या आंतरराष्ट्रीय तुलनेत बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना होता, पण अमेरिकेत एका डॉलरला जे येतं ते भारतात २०.६५ रुपयांत येत होतं. त्या वर्षीच्या भावानं १२,००० रुपये पगार पहिल्या हिशेबात १८४ डॉलर होतो, दुसऱ्यात ५८१. पगार परदेशातला असो की इथला, तुलना करायची तर दुसऱ्या हिशेबानंच करावी.

देशाची सरासरी मात्र इथं शोधू नका, फोटो काही शे घरांचेच आहेत. त्यासाठी ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या, संघटनेचे वार्षिक पगाराचे आकडे बघावेत, तेही क्रयशक्ती धरून मिळतात. पण सरासरीवर माझा तसाही फार विश्वास नाही. माझ्याकडं मावशींना १२,०००, आचाऱ्याला २६,०००. सरासरी १९,००० येते, आणि एवढा पगार माझ्या खानावळीत कुणालाच नाही.

वेबसाइट इंग्रजीत उघडते, पण फोटो बघायला तिची गरज पडत नाही. घरातल्या पोरांना शेजारी बसवून बघा.

पुतण्यानं परवा एजंटाला विचारलंय: कापून हातात किती, आणि खोलीला किती. अजून उत्तर नाही. मावशी भाकऱ्या आटोपल्या की रोज एक देश बघतात, काल इंडोनेशियातली ताटं झाली.