नाना पेठेतील रंगाचे दुकान: पुन्हा रंगवलेल्या गाडीच्या टच-अपसाठी
पूर्वी पूर्ण रंगवून घेतलेल्या जुन्या गाडीवरचे ओरखडे झाकायचे असतील, तर कंपनीने गाडीवर लावलेल्या माहितीच्या पाटीवरील कलर कोड (रंगाचा सांकेतिक क्रमांक) फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो कारखान्यातील मूळ रंगाचा असतो आणि गॅरेजमध्ये नंतर मारलेली छटा बहुधा त्याहून वेगळी असते. नाना पेठेतील या छोट्या दुकानाचे मोल मला इथेच जाणवले. माझ्या मारुती 800 चा कोड दुकानदारांनी बाजूला ठेवला आणि पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून आणायला सांगितले. झाकणाचा कोपरा त्यांनी आधी पॉलिश केला, कारण उन्हाने विटलेल्या थराशी रंग जुळवला, तर पुढे गाडी पॉलिश होताच डाग उठून दिसतो. मग थेंबाथेंबाने रंग मिसळून तो पत्र्याच्या तुकड्यावर लावला, वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) दिला आणि पूर्ण वाळल्यावरच बाहेर उन्हात धरून पाहिला. ओल्या रंगावरून निर्णय न घेण्याची ही शिस्त मला फार आवडली. रंग मेटॅलिक (चमकदार धातुकण असलेला) असल्याने तिरप्या नजरेला किंचित फरक दिसतो, पण त्याची कल्पना त्यांनी आधीच स्पष्टपणे दिली होती. भाव थोडा चढा आहे, तरी काम पाहता तो रास्त वाटतो. बाटलीवर मिश्रणाचे प्रमाण मात्र आवर्जून लिहून घ्यावे.