गुलमर्ग, औली की झर्मॅट? नागपूरहून स्कीइंगला निघण्याआधी

नागपूरकराला स्कीइंगला जायचं तर पैशाआधी सुट्टीचं गणित जमवावं लागतं. बर्फाचा त्यातल्या त्यात भरवसा जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, आणि नेमक्या तेव्हाच आपल्याकडे प्रॅक्टिकल्स आणि बोर्डाच्या परीक्षा. दिवाळीच्या सुट्टीत उतार कोरडे असतात. नाताळात बर्फ दिसू शकतो, पण स्की चालवण्याइतका थर साचेलच असं नाही. घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर हे वर्ष सोडलेलंच बरं.

ऐसपैस, आरामाची सहल हवी असेल तर भारतात गुलमर्गला तोड नाही. सुमारे २,६५० मीटर उंचीवरचं हे पठार, पंचतारांकित हॉटेलं, आणि दोन टप्प्यांचा गोंडोला, म्हणजे केबल कार. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या कुशीत, सुमारे ३,९०० मीटरवर. आपलं नागपूर ३१० मीटरवर आहे, हे सोबतच्या ज्येष्ठांसाठी लक्षात ठेवा. वर पोचल्यावर डोकं दुखणं, धाप लागणं अगदी साहजिक आहे. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढू नका.

शिकाऊ माणसाला तर तो टप्पा लागतही नाही. वरचे उतार बहुतेक मोकळे, न दाबलेल्या बर्फाचे. तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटू तिथे दगावले. नवख्यांचे उतार खाली पठारावरच आहेत आणि पहिले काही दिवस तेवढेच पुरतात.

प्रवास सोपा: नागपूर-दिल्ली-श्रीनगर विमान, पुढे साधारण ५० किलोमीटर रस्ता. बर्फ पडल्यावर पायथ्याच्या तंगमर्गहून वर जायला चाकांना साखळ्या लावलेली गाडी करावी लागते. त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का, ते आधीच विचारा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. हवा बिघडली की श्रीनगरची विमानं रद्द होतात. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्यामुळे अशा वेळी आता दुसरी वाटही आहे. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर घरच्यांना काळजी वाटते, ती रास्तच आहे. बुकिंगआधी सरकारी सूचना पाहा आणि पैसे परत मिळणारंच बुकिंग करा.

उत्तराखंडातल्या औलीचा थाट वेगळा. हॉटेलं मोजकी, बाजार जवळपास नाहीच, पण समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी. गढवाल मंडल विकास निगम इथे ७ आणि १४ दिवसांचे स्कीइंगचे कोर्स चालवतं, आणि शिकणं हाच हेतू असलेल्या तरुणांना मी डोळे मिटून औलीच सांगेन. एकाच उतारावर रोज सकाळी तेच तेच करत राहिलं की पायांना वळण लागतं. अडचण रस्त्याची. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, घाटाचा अख्खा दिवस. जोशीमठ-औली रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला, त्यामुळे वर गाडीनेच जायची तयारी ठेवा. लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर हा प्रवास जड जातो. आजी-आजोबांना ओढ वाटेल अशी एक गोष्ट मात्र आहे: हिवाळ्यात बद्रीनाथाची गादी जोशीमठच्या नृसिंह मंदिरात असते.

बर्फाची हमी दोन्हीकडे नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं आणि २०२५ मध्ये तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले. औलीत कृत्रिम बर्फाची यंत्रं आहेत, पण थंडीच पडली नाही तर त्यांचाही इलाज नसतो.

झर्मॅटचा खर्च या दोन्हींच्या कितीतरी पट. पण शाळेची उन्हाळी सुट्टीच हाताशी असेल तर मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं हे स्विस गाव विचारात घ्या, कारण वरच्या हिमनदीवर मे महिन्यातही स्कीइंग चालतं. गावात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे. जवळच्या टॅश गावी गाडी सोडून रेल्वेने जायचं. शेंगेन व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा तयारी जानेवारीतच सुरू करा.

आता पॅकेजबद्दल. आपल्याकडे विकलं जाणारं नेहमीचं काश्मीर पॅकेज गुलमर्गला एक दिवस देतं, फार तर एक रात्र. त्यात गोंडोला होतो, स्लेज होते, पायात स्की अडकवून फोटो होतो. स्कीइंग होत नाही. शिकायचं असेल तर पहलगाम-सोनमर्ग सोडा आणि गुलमर्गलाच किमान चार रात्री राहा. हॉटेल एक पायरी खालचं घ्या, पण वाचलेले पैसे चांगल्या प्रशिक्षकावर खर्च करा. प्रशिक्षकाचा आणि भाड्याच्या सामानाचा दर बर्फात उभं राहून नव्हे, आदल्या दिवशी ठरवा.

कपड्यांचं ओझं इथून फार नेऊ नका. इनर, लोकरी मोजे, कानटोपी नागपुरातच घ्या. स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतात. हातमोजे आणि पँट मात्र पाणी न शिरणारेच हवेत. नवखा माणूस दिवसभर बर्फात पडत असतो आणि लोकरीचे हातमोजे तासाभरात ओलेचिंब होतात.