सीओटू मीटर: बैठकीच्या खोलीतील हवेची झाडाझडती

कोविडच्या महासाथीत आमच्या कार्यालयाने जी काही खरेदी केली, तिच्यापैकी आजही नित्य वापरात असलेली वस्तू बहुधा एकच आहे, ती म्हणजे बैठकीच्या खोलीतील, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा सीओटू मीटर. कपाळासमोर धरायची तापमापके, टेबलांमधले अॅक्रिलिकचे पडदे आणि पायाने दाबायचे सॅनिटायझरचे स्टँड यांची रवानगी केव्हाच अडगळीत झाली.

तापमापके अडगळीत गेल्याची खंत वाटण्याचे कारण नाही. कोविडचा संसर्ग लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू शकतो आणि तापावरची गोळी घेऊन आलेला माणूस त्या तपासणीतून सहज आत येतो. खरे तर हा धडा जुनाच होता. २००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाची साथ असताना कॅनडाने विमानतळांवर उष्मा-कॅमेरे लावून लाखो प्रवासी तपासले, पण त्यातून सार्सचा एकही रुग्ण हाती लागला नाही. तरीही २०२० मध्ये अनेक देशांनी आणि त्यांचे पाहून कार्यालयांनी पुन्हा तोच मार्ग धरला. अमेरिकेने निवडक विमानतळांवरची विशेष तपासणी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थांबवली. कार्यालयांच्या दारांवरची तापमापके मात्र त्यानंतरही बराच काळ हलली नाहीत, कारण त्यांच्यामुळे काहीतरी केल्याचे दिसत होते.

हवेकडे लक्ष वळायला उशीर झाला. बंदिस्त जागा, गर्दी आणि जवळून होणारे संभाषण या तीन गोष्टी टाळा, असे जपानने २०२०च्या सुरुवातीलाच नागरिकांना सांगितले होते. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवाटे होणाऱ्या प्रसाराची स्पष्ट कबुली जागतिक आरोग्य संघटनेकडून यायला मात्र २०२१ उजाडले. त्याच वर्षी बेल्जियमने उपाहारगृहे आणि व्यायामशाळांना सीओटू मीटर सक्तीचा केला आणि ९०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ९०० भाग) ही मार्गदर्शक पातळी ठरवून दिली. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांसाठी सुमारे ३ लाख मीटर देण्याची घोषणा झाली.

मीटरमागचा हिशेब सोपा आहे. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण साधारण ४२० पीपीएम असते, तर उच्छ्वासात ते ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएमच्या आसपास असते. त्यामुळे खोलीतला आकडा ८०० झाला, तर आत घेतलेल्या हवेतला सुमारे शंभरावा हिस्सा खोलीतल्याच कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो आणि १,२०० झाला की हे प्रमाण पन्नासात एक होते. हा हिशेब समजल्यानंतर खिडकी उघडण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमच्या बैठकीच्या खोलीत सकाळी आकडा ४५०च्या आसपास असतो. दार लावून बैठक सुरू झाली की तासाभरात तो १,५०० ओलांडतो, आणि एसी चालू असल्याने कोणालाही कोंदट वाटत नाही. हीच खरी फसगत आहे. साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, तो खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. समोरासमोरची दार-खिडकी उघडली की काही मिनिटांत आकडा झपाट्याने खाली येतो. हा उतार सर्वांना डोळ्यांदेखत दिसतो, हे या मीटरचे मला सर्वांत मोठे बळ वाटते.

खरेदी करताना ब्रँडपेक्षा आतला सेन्सर पाहावा. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषून घेतो आणि त्या गुणधर्माच्या आधारे थेट मोजणी करणारा एनडीआयआर सेन्सर विश्वासार्ह असतो. स्वस्तातल्या काही संचांत हा सेन्सर नसतोच. ते हवेतील इतर बाष्पांवरून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज बांधतात. पारख करण्यासाठी मीटरजवळ, पण त्यावर श्वास न सोडता, हाताला सॅनिटायझर चोळावा. अल्कोहोलच्या वाफेने आकडा भडकला, तर तो संच परत करावा. आम्ही प्रथम मागवलेला संच या कसोटीत साफ नापास झाला. महासाथीत जिथे तिथे सॅनिटायझर असताना असा मीटर विकला जावा, हा विनोदच म्हणायचा.

दुसरी अडचण अचूकतेची आहे. बरेचसे संच ठरावीक काळातला सर्वांत कमी आकडा म्हणजेच बाहेरची ताजी हवा, असे गृहीत धरून स्वतःला आपोआप जुळवून घेतात. खोलीत ताजी हवा कधी पोहोचतच नसेल, तर हे गृहीतक चुकते आणि मीटर वास्तवापेक्षा कमी आकडा दाखवू लागतो. म्हणून ही सोय बंद करून मीटर अधूनमधून मोकळ्या हवेत नेऊन हाताने जुळवून घेणे बरे.

हा मीटर विषाणू मोजत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर असलेला हवा शुद्धीकरण संच चालू असेल किंवा सर्वांनी चांगले मास्क लावले असतील, तर आकडा जास्त असूनही धोका घटलेला असतो. उलट आकडा कमी असला, तरी शेजारीच खोकणाऱ्या माणसापासून संरक्षण मिळत नाही.

सुरुवातीला आमच्याकडे मीटरचा पिपाणीसारखा वाजणारा इशारा कोणीतरी बंद करून टाकला आणि आकडा नुसता शोभेपुरता उरला. पुढे १,००० झाले की खिडकी उघडायची आणि १,४०० झाले की बैठक थांबवायची, असा नियम लेखी ठरला. खिडकी उघडायला कोणाची परवानगी लागणार नाही, हेही त्यात घातले गेले, तेव्हा कुठे मीटरचा उपयोग होऊ लागला. मीटर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, पण कोणाच्याही तोंडासमोर किंवा खिडकीलगत येणार नाही असा ठेवावा. ज्या इमारतीत खिडक्या उघडतच नाहीत, तिथे मीटर घेण्याआधी वातानुकूलन यंत्रणा बाहेरची हवा किती घेते, हे इमारत सांभाळणाऱ्यांकडून लेखी मागून घ्यावे आणि उत्तर टाळले गेले, तर मीटर आणून तो दिवसभर चालवून आकड्यांची नोंद त्यांच्यापुढे ठेवावी.