डीएससी टोकन आणि लिनक्सचा लॅपटॉप: आठ महिन्यांनंतर

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद तूर-हरभरा पिकवतात. मी संचालक, आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून हिशेबनीसही. ऑफिसचा लॅपटॉप विंडोजवर धापा टाकायला लागला तेव्हा पुतण्याने त्यात विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम घालून दिली. त्याच आठवड्यात डिजिटल सहीचं (डीएससी, म्हणजे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटचं) हे यूएसबी टोकन घेतलं. क्लास ३, दोन वर्षांची मुदत.

आधी चांगलं सांगतो. ‘लिनक्सवर चालणार नाही’ असं विकणारा म्हणाला होता. चालतं. टोकनसोबतचा लिनक्स ड्रायव्हर फायरफॉक्सच्या सिक्युरिटी डिव्हायसेसमध्ये एकदा जोडला की सर्टिफिकेट दिसतं. लिब्रेऑफिसमधून पीडीएफवर सही होते. ठराव, करारपत्रं मी अशीच पाठवतो.

घोडं पेंड खातं ते सरकारी पोर्टलवर. तिथे सही करताना पोर्टल आपल्या मशीनवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअरला हाक मारतं आणि ते टोकनशी बोलतं. आम्हाला लागणाऱ्या दोनपैकी एका पोर्टलचं हे सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी आहे. हेल्पलाइनवर विचारलं तर, ‘सर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ट्राय करा.’ सरकारी सेवा एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अडू नयेत म्हणून केंद्राचं खुल्या मानकांचं धोरण २०१० चं, खुल्या सॉफ्टवेअरचं २०१५ चं. हे त्या मुलाला सांगून काय उपयोग?

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतच दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज टाकलं. चार जीबी रॅममध्ये दोन बिऱ्हाडं! टोकन आतल्या विंडोजला दिलं की बाहेर दिसेनासं होतं, आणि मध्येच सुटलं की सगळं पहिल्यापासून. फॉर्म भरायला वीस मिनिटं, सहीला दीड तास.

तिसऱ्या महिन्यात कंटाळून टोकन टॅक्सवाल्यांकडे ठेवलं. त्यांच्या ड्रॉवरमध्ये पंचवीस-तीस टोकनं होती आणि प्रत्येकाला चिकटपट्टीने पिन लावलेला. सहीची किल्ली, म्हणजे जिच्यामुळे सही माझी ठरते ती गुप्त खूण, टोकनच्या बाहेर काढता येत नाही, म्हणून तर हे महागडं यंत्र घ्यायचं! त्यांना दोष देत नाही. इतके संचालक दर खेपेला कुठे येणार? पण त्या टोकनने केलेली प्रत्येक सही आयटी कायद्याने माझीच धरली जाणार. घरी येऊन झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी टोकन परत आणलं.

जीएसटीच्या रिटर्नला प्रोप्रायटरचं, म्हणजे एकट्या मालकाच्या धंद्याचं, ओटीपीवर भागतं, कंपनीला डीएससीच लागते. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, कंपन्यांनाही ओटीपीची तात्पुरती सवलत होती. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

शेवटी अकरा हजारांचा जुना विंडोज लॅपटॉप घेतला. तो फक्त सहीपुरता उघडतो, एरवी कपाटात. पुढच्या सभेत हा खर्च कोणत्या सदरात दाखवायचा, ते अजून ठरलेलं नाही.

टोकनला पाचपैकी चार. एक कापला तो टोपणापायी. दुसऱ्याच महिन्यात हरवलं.