वॉलेटमध्ये रक्कम दिसली, पण ते यूएसडीटी नव्हते

मी परदेशी ग्राहकांसाठी तांत्रिक मजकुराचे भाषांतर करते आणि माझ्या मोबदल्याचा मोठा भाग यूएसडीटी या स्टेबलकॉइनमध्ये, म्हणजे किंमत एका डॉलरइतकी स्थिर ठेवलेल्या डिजिटल नाण्यात, येतो. हा मार्ग मी हौसेने निवडलेला नाही. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार सीमेपलीकडे २०० डॉलर पाठवण्याचा सरासरी खर्च अजूनही सहा टक्क्यांहून अधिक आहे, आणि तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांखाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट बरेच दूर आहे. विकसनशील देशांत मध्यस्थ बँकांची साखळी, चलनाच्या दरातील कपात आणि कागदपत्रांची चौकशी यांत लहान रकमेचा जीव जातो. यूएसडीटी मात्र ट्रॉन या ब्लॉकचेनच्या, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक डिजिटल नोंदवहीच्या, जाळ्यावरून काही मिनिटांत पोहोचते. ही सोय खरी आहे, आणि म्हणूनच तिच्या आडून होणारी फसवणूक सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

एका नव्या ग्राहकाने मोठे काम दिले. पहिला छोटा हप्ता त्याने खऱ्या यूएसडीटीमध्ये वेळेवर दिला आणि उरलेली रक्कम अंतिम फाइली पाठवण्यापूर्वी देण्याचे ठरले. ठरल्या दिवशी त्याने ट्रान्झॅक्शन हॅश, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, पाठवला. मी वॉलेट, म्हणजे अशी नाणी ठेवण्याचे अॅप, उघडले, तेव्हा यूएसडीटी हे नाव आणि त्यासमोर ठरलेली रक्कम दिसत होती. जाळ्यावरचे व्यवहार दाखवणाऱ्या ब्लॉक एक्सप्लोरर या संकेतस्थळावरही तो व्यवहार यशस्वी म्हणून नोंदलेला होता. मी फाइली पाठवल्या.

अडचण पैसे पुढे पाठवताना आली. जेथे अशा नाण्यांची खरेदी-विक्री होते त्या एक्स्चेंजकडे रक्कम वळवण्याचा प्रत्येक प्रयत्न अयशस्वी होऊ लागला. ग्राहकाला विचारले असता त्याने शांतपणे सांगितले, की माझ्या वॉलेटला पुरेशी ‘एनर्जी’ (जाळ्यावर व्यवहार चालवायला लागणारी क्षमता) नाही, आणि एवढ्या मोठ्या रकमेसाठी ती सुरू करून घ्यायला अमुक पत्त्यावर शंभर यूएसडीटी अनामत ठेवावे लागतील, जे नंतर परत मिळतील. खोटे किती कौशल्याने खऱ्यावर बसवले होते, ते येथे पाहण्यासारखे आहे. ट्रॉनवर यूएसडीटी पाठवायला एनर्जी लागतेच. ती नसेल तर टीआरएक्स या नाण्यात शुल्क द्यावे लागते. परंतु ते शुल्क जाळे स्वतःच पाठवणाऱ्याच्या वॉलेटमधून कापून घेते, ते कोणा व्यक्तीच्या पत्त्यावर अनामत म्हणून कधीही भरावे लागत नाही. अनामत गेली, लगेच दुसरी मागणी आली आणि तेव्हा मी ते नाणेच तपासायला घेतले.

ट्रॉन किंवा इथेरियमसारख्या जाळ्यांवर कोणीही स्वतःचे टोकन, म्हणजे डिजिटल नाणे, तयार करू शकतो आणि त्याला हवे ते नाव देऊ शकतो. नावावर कोणाचीही मक्तेदारी नसते. टोकनची खरी ओळख म्हणजे त्याचा काँट्रॅक्ट पत्ता, म्हणजेच ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा जाळ्यावरील पत्ता. एक्सप्लोररवर टोकनच्या नावावर क्लिक केल्यावर हा पत्ता उघडतो, आणि तो नाणे जारी करणाऱ्या टेदर कंपनीने आपल्या संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळायला हवा. माझ्याकडचा पत्ता जुळला नाही. ते टोकन नुकतेच निर्माण झालेले होते, ते बाळगणारे पत्ते बोटांवर मोजता येतील इतके होते आणि त्याच्या नावातील ‘टी’ हे अक्षर हुबेहूब तसेच दिसणारे सिरिलिक लिपीतले होते. वॉलेटमध्ये रकमेखाली डॉलरमधील किंमत दिसत नव्हती, हेही मग लक्षात आले; बाजारभाव नसलेल्या टोकनला वॉलेट किंमत दाखवत नाही. टोकन पुढे पाठवण्याचा अधिकारही ते बनवणाऱ्यापुरताच राखून ठेवलेला असल्याने ते माझ्या हातून कधीच हलणार नव्हते.

स्टेबलकॉइनच्या धोक्यांची सार्वजनिक चर्चा होते ती बहुतेक दर कोसळण्याची: मे २०२२ मध्ये टेरायूएसडी हे स्टेबलकॉइन बुडाले, मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडल्यावर यूएसडीसी हे दुसरे स्टेबलकॉइन काही काळ ९० सेंटच्याही खाली गेले. तो धोका आहेच, परंतु महिन्याच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाची लूट बहुधा दर एका डॉलरवर अगदी स्थिर असताना होते, असे माझे मत झाले आहे.

तक्रारीच्या वेळी आणखी एक गोष्ट कळली. पोलीस वा न्यायालयाच्या सांगण्यावरून टेदर कंपनी एखाद्या पत्त्यावरील खरे यूएसडीटी गोठवू शकते आणि तिने असे अनेकदा केले आहे. मोबदला म्हणून मला मिळालेले टोकन तिचे नसल्यामुळे तेथे गोठवण्यासारखे काही नव्हते. अनामतीचे शंभर मात्र खरे होते, आणि ते तासाभरात अनेक पत्त्यांतून फिरून पुढे गेले होते. अशा वेळी तक्रार त्याच दिवशी करावी आणि तिच्यात हॅश, पाठवणारा व घेणारा असे दोन्ही पत्ते, खोट्या टोकनचा काँट्रॅक्ट पत्ता आणि संभाषणाची संपूर्ण प्रत द्यावी. नुसत्या स्क्रीनशॉटवरून तपास पुढे जात नाही.

आता मी काम हाती देण्यापूर्वी, आलेल्या रकमेतील थोडा भाग माझ्या एक्स्चेंज खात्यात पाठवून तो तेथे जमा झालेला पाहते. एक्स्चेंज अनोळखी काँट्रॅक्टचे टोकन जमाच करत नाही, त्यामुळे खऱ्याखोट्याचा निकाल काही मिनिटांत लागतो. यामुळे चिडणारे ग्राहक भेटतात; त्यांना मी काम देत नाही.

तक्रारीनंतर थोड्याच दिवसांत पैसे परत मिळवून देणाऱ्या ‘तज्ज्ञां’चे संदेश सुरू झाले. त्यांना माझी रक्कमही ठाऊक होती, म्हणजे ती माहिती मूळ टोळीकडूनच आली असावी. एकाने आगाऊ शुल्क मागितले, दुसऱ्याने वॉलेटच्या सीड फ्रेजचे बारा शब्द मागितले. जाळ्यावर पक्का झालेला व्यवहार कोणताही तज्ज्ञ उलटवू शकत नाही, आणि ते बारा शब्द ज्याच्या हाती पडतात तो उरलेले सारे वॉलेट रिकामे करू शकतो. हे संदेशही मी पत्त्यांसह तपास अधिकाऱ्यांकडे दिले आहेत.