घरी शिवलेला सिलनायलॉन टार्प: एका पावसाळ्यानंतर

टार्प, म्हणजे डोक्यावर दोऱ्यांनी ताणून बांधायचं कापडी छत, साधाच आहे. 30 डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) रिपस्टॉप, म्हणजे फाट पसरू नये म्हणून चौकटीत जाड धागे विणलेलं, सिलनायलॉन; नायलॉनवर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन, चौरस मीटरला साधारण 45 ग्रॅम. दीड मीटर पन्ह्याच्या कापडाचे तीन-तीन मीटरचे दोन तुकडे माथ्यावर जोडलेले. तयार माप 2.9 बाय 2.8 मीटर, वजन सीलंटसकट 430 ग्रॅमच्या आसपास. खुंट्या आणि दोऱ्या वेगळ्या. दोन माणसं सॅकसकट आरामात मावतात. जूनपासून थंडीपर्यंत सह्याद्रीत वापरून झाला. कापडाने दगा दिला नाही. त्रास झाला तो शिवणी, कोपरे आणि ओल्या नायलॉनचा ढिलेपणा यांचा.

आधी कापड. बाजारात ‘पॅराशूट कापड’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा एका बाजूने पीयू (पॉलियुरेथेन) लावलेलं नायलॉन असतं. ते जड तर असतंच, शिवाय दमट हवेत ठेवलं की काही वर्षांत पीयूचा थर चिकट होऊन सुटू लागतो. सिलिकॉनचं तसं होत नाही. खरं सिलनायलॉन जर्मनीच्या एक्स्ट्रीमटेक्स्टील किंवा अमेरिकेच्या रिपस्टॉप बाय द रोल अशा दुकानांत मिळतं; कस्टम ड्युटी धरून हिशोब करा. सहा मीटर टार्पला, अर्धा मीटर पॅचना आणि अर्धा मीटर हात बसवायला. हा शेवटचा अर्धा मीटर वाचवू नका, कारण या कापडात उसवून परत शिवणं जमत नाही. सुईचं भोक कायम राहतं.

घरचं सरळ टाक्याचं मशीन पुरतं. सुई 11 नंबरची, टोकदार आणि नवी. धागा शंभर टक्के पॉलिएस्टर. सुती धागा कुजतो आणि पाणी आत ओढून घेतो. टाका 3 मिलिमीटरचा. बारीक टाका मजबूत वाटतो, पण इथे उलटं होतं: भोकं जवळजवळ आली की शिवण पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी फाटते. त्याच कारणाने एकाच जागी चार वेळा उलट टाके मारण्यात अर्थ नाही.

माथ्याची शिवण जीन्सच्या पायाला असते तशी, दुमडून दोन ओळींची. एका तुकड्याला 1 सेंटिमीटर माया (शिवणीसाठी सोडलेली कड), दुसऱ्याला 2. कापड कमालीचं निसरडं आहे. मशीनचे दाते खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो आणि तीन मीटरच्या शेवटी तीन-चार सेंटिमीटरचा फरक पडतो. उपाय एकच: दोन्ही तुकड्यांवर दर 25 सेंटिमीटरला खूण करा, खुणा जुळवून कागदाच्या क्लिपा लावा आणि शिवताना कापड पुढून-मागून दोन्ही हातांनी ताणून धरा. टाचण्या लावल्याच तर फक्त मायेच्या आत.

माथ्याची कड सरळ कापली तर मधला भाग वाऱ्यात फडफडतो. त्यासाठी कॅटेनरी वळण, म्हणजे दोन टोकांना टांगलेल्या साखळीला पडतो तसा झोल. भिंतीवर एका पातळीत 290 सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोका, त्यांना बारीक साखळी अडकवा, मधला झोल 6 सेंटिमीटर ठेवा आणि मागच्या कागदावर रेघ मारा. झाला साचा. मात्र वळणाचा टार्प एकाच आकारात नीट उभा राहतो. एखादी कड जमिनीला टेकवून, एखादी उचलून असे खेळ करायचे असतील तर सरळ कापच बरा.

कोपऱ्यांवर वेळ घालवा. सगळी ओढ शेवटी तिथे येते. प्रत्येक कोपऱ्याला त्याच कापडाचा 20 सेंटिमीटर त्रिज्येचा पाव वर्तुळाचा पॅच, उभे-आडवे धागे मूळ कापडाशी जुळवून. पॅच उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, पडला तर तो नुसता ताणला जातो आणि भार मूळ कापडावरच राहतो. दोरी अडकवायची 20 मिलिमीटरची ग्रॉसग्रेन (आडव्या रेघांची, घट्ट विणीची) फीत पॅचवर किमान 3 सेंटिमीटर आत घेऊन चौकोनी शिवा. वापरात पहिल्यांदा भोकं रुंदावली ती बाजूच्या मधल्या फितींपाशी, जिथे पॅच लहान होते.

शिवणींना सिलिकॉनच लावायचं. पीयूचं सीलर किंवा सीमटेप (शिवणीवर चिकटवायची पट्टी) या कापडावर टिकत नाही, सोलून निघते. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट एक भाग आणि मिनरल टर्पेंटाइन अडीच भाग, झाकणाच्या बाटलीत हलवून. टार्प ताणून बांधा, म्हणजे भोकं उघडतात. मग ब्रशने बाहेरून लावा, जास्तीचं फडक्याने पुसा. हे उघड्यावर करा, जवळ विस्तव नको. एक दिवस सुकू द्या, नंतर टाल्कम पावडर फिरवा, नाहीतर घडी स्वतःलाच चिकटते. फितींच्या मुळाशी दोनदा लावा. पावसाळ्यात ठिबकलं ते तिथूनच.

आतून तोंडावर बारीक तुषार पडतात तेव्हा लोक कापडाला दोष देतात. बहुतेक वेळा ते आत साठलेलं दव असतं, जोराच्या थेंबांच्या धक्क्याने झडलेलं. वाऱ्याकडची, म्हणजे पावसाळ्यात नैर्ऋत्येची, कड खाली ठेवा आणि उलटी बाजू उघडी. कोकणकड्यासारख्या जागी वारा कड्यावरून वर उसळतो आणि टार्पच्या पोटात शिरतो. तिथे कड्यापासून बरंच आत, आडोशालाच बांधा. कातळावर खुंटी जात नाही. दोरीचा फास लहान दगडाला घाला आणि त्याच्या पुढे, दोरीवर, मोठा दगड टेकवा. धारेवर दोरी कापली जात नाही आणि ताण बदलायला लहान दगड हलवता येतो.

आता नायलॉनचं दुखणं. ते पाणी पिऊन लांबतं. संध्याकाळी ताठ बांधलेला टार्प पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात सैल पडतो, पोटात पाणी साठतं, आणि रात्री उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. लाइनलॉक (दोरीचा ताण कमी-जास्त करायचे छोटे बकल) लावले तर काम मिनिटाभराचं, पण बाहेर जावंच लागतं. पावसाळ्यासाठीच शिवणार असाल तर 20 डेनियरचं सिलपॉली, म्हणजे सिलिकॉन लावलेलं पॉलिएस्टर, घ्या. ओलं झालं तरी जवळपास तसंच राहतं आणि थोडं हलकंही पडतं. फाटायला मात्र ते नायलॉनपेक्षा लवकर फाटतं, तेव्हा कोपऱ्यांचे पॅच 25 सेंटिमीटरचे कापा आणि बाजूच्या मधल्या फितींनाही तेवढेच.